फळीमागचा हात

सुरक्षेचे नियम बदलले म्हणून पेठकडच्या एका वसतिगृहातले दुमजली पलंग मी नव्याने आखून दिले. वरच्या पलंगाच्या जुन्या कठड्यात मुलाचं डोकं अडकेल एवढी फट होती. तिथे सलग उंच फळी लावली.

तिथे राहणाऱ्या दोन बहिणी आपापल्या जागी जाऊन पाहत होत्या. आईवडील दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर. थोरलीने वरून, फळीपलीकडे हात खाली सोडला.

“ताई, हात पोचत नाय,” खालून धाकटी म्हणाली.

“आधी फटीतून हात धरूनच झोपायच्या,” अधीक्षिकाबाई मला म्हणाल्या.

“दोघींना खाली शेजारी जागा द्या ना,” मी म्हणाले.

“खालच्या जागा लहानांनाच पुरत नाहीत, मॅडम.”

थोरलीने समजूत घातली, “मी वरच हाय. हाक मार.”

धाकटीने लगेच हाक मारली. नियम योग्यच होता, पण परतताना नाशिकपर्यंत मला रडू आवरलं नाही.