पानाचा ताप ओळखणारी बाई

मुगाचं पान न तोडता, स्वतःच वाकून गालाला लावायचं आणि डोळे मिटून घटकाभर थांबायचं, ही भामाबाईंची तपासणी. मग निकाल यायचा, "हिला ताप हाय." सगळी रोपं त्यांच्या लेखी बायकाच होत्या. माझ्या हातात पानाचं तापमान मोजायचं महागडं यंत्र असे. ते यंत्र आणि बाईंचा गाल यांचं जमलं नाही, तर मी आधी यंत्राची बॅटरी बघायचो.

देवळाली प्रवराच्या अलीकडे आमचं छोटंसं संशोधन केंद्र होतं. मी तिथे संशोधन सहायक, त्या रोजंदारीवर. त्यांचं माहेर-सासर दोन्ही पाथर्डीकडचं. ऊसतोडीला म्हणून इकडे आल्या आणि नवरा वारल्यावर इथेच राहिल्या. त्या गेल्या त्याला आता तीन उन्हाळे झाले. त्यांच्या जाण्यात माझा हात आहे, आणि तो लपवायचा असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

आमचा प्रयोग साधा होता. कुंड्यांतल्या मुगाच्या एका रांगेला रोज थोडा थोडा चटका द्यायचा, दुसरीला सावलीत जपायचं, आणि मग दोन्ही रांगा प्लॅस्टिकच्या तापत्या मांडवात ठेवायच्या. भामाबाईंनी रांगांचं बारसंही केलं होतं, एक शहाणी आणि एक लाडाची. लाडाची रांग तासाभरात माना टाकायची, शहाणी उभी राहायची. "सर, तुमी लाडाच्या रांगंतले," असं त्या मला तोंडावर म्हणायच्या. माझी टोपी, गॉगल आणि पाण्याची बाटली बघून त्यांना हसू आवरत नसे.

हे कसं होतं, असं त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं, की उष्णतेनं झाडाच्या आतली प्रथिनं विस्कटतात, सुताच्या गुंड्यासारखी एकमेकांत गुंततात आणि निकामी होतात. आधी हलका चटका बसलेला असला, तर झाड वेगळी प्रथिनं तयार करून ठेवतं. ती बाकीच्यांना धरून ठेवतात, विस्कटू देत नाहीत.

"म्हंजी पानात राखण्या ठेवलाय व्हय!" त्या म्हणाल्या. पुढे मीही विद्यार्थ्यांना राखण्याच म्हणून सांगू लागलो.

तिसरी रांग मात्र त्यांना मुळीच आवडली नाही. चटके दिलेली रोपं आम्ही पंधरा दिवस हिरव्या जाळीखाली गारव्यात ठेवली आणि मग एकदम मांडवात नेली. ती लाडाच्या रांगेसारखीच कोसळली. गरज संपली की झाड राखण्याला पोसत नाही, मोडून टाकतं. आमच्या दृष्टीनं तो उत्तम निकाल होता, मी खुशीत तक्ता भरत होतो. भामाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आदी तापावलं, मग निजावलं, आन आता मारलं. तुमी मास्तर हाये का कसाई?" त्या दिवशी त्यांनी माझा चहा घेतला नाही.

पुढच्या वर्षी तोच प्रयोग पुन्हा करायचा होता. मार्चमध्ये त्या श्रीरामपूरला लेकीच्या, शोभाच्या, बाळंतपणाला गेल्या. दीड महिना घरात पंख्याखाली, बाळंतिणीपाशी. मेच्या सुरुवातीला परतल्या त्या दिवशी शेवटचे नमुने घ्यायचे होते, तेही भर दुपारी दोन वाजता, ऊन ऐन कडाक्याचं असताना. मांडवात कोण जाणार, असा प्रश्नसुद्धा निघाला नाही. उन्हाचं वावडं मला, भामाबाईंना कुठलं? केंद्रातले आम्ही सगळे असंच म्हणायचो, आणि वर कौतुक केल्याच्या थाटात म्हणायचो.

त्या आतून पानं खुडून देत होत्या, मी दारात बसून ती गोठवत होतो. मध्येच म्हणाल्या, "डोस्कं जड झालंय, सर."

"आठच कुंड्या राहिल्यात, भामाबाई."

त्यांनी पुढच्या कुंडीचं पान गालाला लावलं. "हिला ताप न्हाई." पुढची कुंडी. "हीबी गार हाय." लाडाची रांग होती ती, आणि माझं यंत्र एकोणचाळीस अंश दाखवत होतं. बाई पहिल्यांदाच चुकल्या, याची मला गंमत वाटली. मी हसलोसुद्धा. पान गार नव्हतं, बाईंचा गाल त्याहून तापला होता. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा त्या खाली बसल्या होत्या, कपाळ कोरडं ठाक होतं आणि मला "शोभे, पोराला झाक" म्हणत होत्या.

आम्ही पाणी ओतलं, ओली पोती गुंडाळली, जीपमध्ये घातलं. रुग्णालय यायच्या आधीच त्या गेल्या.

सावलीत पंधरा दिवस काढलेल्याला एकदम उन्हात घालू नये, हे मुगाबद्दल मी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. बाईंना मांडवात धाडताना ते आठवलं नाही. त्या लई काटक, असं म्हणून आम्ही त्यांना माणसांच्या हिशेबातून केव्हाच वगळलं होतं.

पावसाळा गेला. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी शोभा केंद्रात आली. आईच्या जागी काम द्या, म्हणाली. मी साहेबांना सांगून तिला घेतलं. पहिल्या दिवशी मी तिला बजावलं, "आठ दिवस दहाच्या आत घरी जायचं. मग रोज अर्धा अर्धा तास वाढवायचा. अंगाला ऊन हळूहळू लावून घ्यावं लागतं. डोकं जड झालं तर काम तिथंच टाकायचं."

तिने नीट ऐकून घेतलं. पदर खोचला, खुरपं उचललं आणि थांबली.

"ह्ये तुमाला आदीपासून म्हाईत हुतं, सर?"

मी हो म्हणालो.