थंड लागलेला सिलिंडर

काल स्कूटरच्या तापलेल्या इंजिनाचा वास आला आणि नाशिकच्या धावपट्टीवरची पंचेचाळीस वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. मी पहिल्यांदाच एकटी विमान उडवणार होते. आई-बाबा दिंडोरीहून बघायला आले होते. मेकॅनिक कांबळेकाकांनी इंजिन थोडं चालवून बंद केलं आणि चारही सिलिंडरांना पटकन बोट लावून पाहिलं.

“ताई, हा एक थंड लागतोय, म्हणजे यात इंधन नीट पेटत नाहीये. आज नाही जायचं.”

मी चिडून रडले. दुपारी त्यांनी सिलिंडर खोलून जळालेला व्हॉल्व्ह दाखवला, तरी माझा रुसवा गेला नाही. पुढची सगळी वर्षं मला त्या बोटांनी दिली, हे आज कळतं.

आठवड्यानं मी एकटी उडाले. उतरल्यावर काकांच्या पाया पडायला वाकले, तसे ते दोन्ही हात मागे घेत म्हणाले, “अहो, ऑइल लागेल!”