बैल पंपाच्या काकू

आमच्या तेल कंपनीचं नाव तीनदा बदललं, पण घोडबंदर रोडवरच्या पंपाच्या मालकीणबाई तिला शेवटपर्यंत ‘बैल’ म्हणत. सगळे त्यांना काकू म्हणायचे. टँकर हवा असला की डेपोला फोन करून शांतपणे विचारायच्या, “आज बैल कधी येनार?” नवा कारकून गोंधळायचा. जुना कारकून मात्र लगेच टँकर पाठवायचा.

काकूंच्या सासऱ्यांनी भाताच्या शेतात पंप टाकला तेव्हा कंपनी गोऱ्या साहेबाची होती आणि पाटीवर लाल बैल होता. कंपनी सरकारी झाली तसं हिंदी नाव आलं, बैलाच्या जागी समई आली. पुढे नावाची आद्याक्षरं उरली, समईची नुसती ज्योत. शेवटची पाटी विक्री अधिकारी म्हणून मीच घेऊन गेलो. नव्या नावाला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता. तसं मुद्दाम केलं होतं. चिन्ह म्हणजे एक केशरी वळण.

“हे काय रे?”

“गती आहे, काकू.”

त्यांनी रस्त्यावर खोळंबलेल्या गाड्यांकडे पाहिलं. “बरं. लाव.”

चहा पिताना मी विचारलं, बैलच का?

“लग्नात माझं नाव बदललं. नव्या नावाने हाक मारली तर मी बघायचेच नाय. वाचता येत नव्हतं. माहेराहून येताना बैल दिसला की उतरायचं. इथे तेवढाच ओळखीचा होता.”

“आणि कंपनीचं नाव बदललं तेव्हा?”

“मला कुनी विचारलं नव्हतं, तिला कोन विचारनार?”

काका गेल्यावर एका बड्या साहेबाने पंप दिराच्या नावावर करायला सुचवलं होतं. काकू म्हणाल्या, “दीर बसेल खुर्चीत. पन उठवायला रोज मलाच यावं लागेल.” पंप काकूंच्याच नावावर झाला.

माझी पाटी लागून वर्ष होत नाही तोच रस्ता रुंदीकरणात पंप गेला. कंपनीने खडवलीकडे जागा देऊ केली. “पुन्हा नवरी व्हायचं वय नाय माझं,” एवढंच त्या बोलल्या.

शेवटच्या दिवशी क्रेनने पाटी उतरवली. काकूंनी वर पाहिलं नाही. कामगाराच्या हातातली नळी घेऊन त्यांनी माझ्या स्कूटरची टाकी स्वतः भरली, पदराला हात पुसले आणि नेहमीसारखे पैसे घेतले.

“सिग्नलला गाडी बंद करत जा,” त्या म्हणाल्या. “पेट्रोल जपून वापर. आता सांगायला माझं काय जातं?”