गादीवाल्या चाचांचा अर्धा आवाज

गादीवाले चाचा कुणाशीही वाद घालायला बसले की आधी समोरच्याची बाजू मांडायचे. "तुमचं म्हननं असं हाय की..." अशी सुरुवात करून ते त्याचाच मुद्दा त्याच्यापेक्षा नीट उलगडून सांगायचे, वर त्याला न सुचलेलं एखादं कारणही आपल्या पदरचं घालायचे. मग विचारायचे, "बरोबर समजलो ना मी?" समोरचा "हाव" म्हणाला की मगच त्यांचं स्वतःचं बोलणं सुरू व्हायचं. नाही म्हणाला, तर पुन्हा पहिल्यापासून. नवखा माणूस गोंधळून जायचा. आपण तावातावाने भांडायला आलो आणि हा दाढीवाला आपलीच वकिली करतोय, हे त्याच्या पचनी पडायचं नाही.

आमचं गाव बुलढाण्याकडच्या धाड गावाहून फार लांब नाही. बसथांब्यासमोर चाचांचं गाद्यांचं दुकान होतं. पुढे रुई पिंजायची मशीन, मागे शिवणकाम, बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा. रुईचे तंतू त्यांच्या भुवयांवर, दाढीवर, कानांच्या पाळ्यांवर सदा चिकटलेले असायचे. त्यामुळे दाढी खरोखर पांढरी कधी झाली ते गावाला कळलंच नाही. मी गावचा पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे माझ्याच घराची पुढची खोली. दुपारी टपालाची थैली रवाना झाली की मी ओट्यावर हजर. चार वाजता चाचा मशीन बंद करायचे. "मशीन चालू असली की मानूस वरडते," ते म्हणायचे, "आन् वरडलं की त्याले वाटते, आपनच बरोबर हाय."

ओट्यावरचा त्यांचा कायमचा प्रतिपक्ष म्हणजे भास्करराव. गावात बीटी कापूस पहिल्यांदा लावला तो भास्कररावांनी. चाचांचं स्वतःचं रान तीनच एकर, पण जन्मभर कापूस हातातून गेलेला. त्यांना हे बियाणं पटत नव्हतं. आपल्या मातीत त्याला बोंडं लागणार नाहीत, दरवर्षी पाकीट विकत आणायचं म्हणजे घरची सरकी मेली, आणि अळी काही इतकी मूर्ख नाही, ती शिकेल, असं ते म्हणायचे. भास्करराव उसळायचे. "चाचा, फवारे मारून मारून डोयाले अंधारी येत होती. ते थांबलं तं तुमाले काय दुखते?" दोघांची जुंपली की बसमधून उतरलेली माणसंही पिशव्या हातात घेऊन ऐकत थांबायची.

एकदा भास्करराव तापाने अंथरुणाला खिळले होते. ओट्यावर कुणीतरी बीटीवाल्यांची टिंगल सुरू केली. चाचांनी हातातली सुई उशीत खोवली आणि भास्कररावांची बाजू अशी काही लढवली की टिंगल करणाऱ्याने हात जोडले. मी म्हणालो, "चाचा, आज तुम्ही पक्ष बदलला काय?" तर म्हणाले, "पक्ष नाही बदलला. तो आज घरी पडेल हाय. म्हनून त्याच्या तर्फेनं कोनी बोलाचंच नाही का?"

पहिल्या दोन वर्षांत भास्कररावांचं पीक असं आलं की वेचायला माणसं पुरेनात. बाजाराच्या दिवशी, ओटा भरलेला असताना, चाचा उभे राहिले. "मी म्हनलो व्हतो, बोंडं लागनार नाही. लागली. मी चुकलो." एवढंच बोलून खाली बसले. चूक कबूल करण्यासाठी उभं राहिलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पुढे काही वर्षांनी गुलाबी बोंडअळीने सगळं रान पोखरलं. भास्कररावांनी एक हिरवं बोंड ओट्यावर आणून फोडलं. आत गुलाबी किडा वळवळत होता. आता चाचा काय बोलतात, म्हणून सगळे कान टवकारून बसले. चाचांनी ते बोंड हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणाले, "भास्करराव, तुमी त्या वक्ती चुकले नव्हते. त्या वक्ती ते बियानं खरंच चाललं." भास्कररावांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत होते.

मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आले. गावाचा ग्रुप मीच काढला, हे आधीच सांगून टाकतो. बाहेरगावी गेलेली पोरं गावाशी जोडलेली राहतील, असा माझा चांगला हेतू होता. चाचांना टाइप करणं जमेना, म्हणून बटण दाबून आवाज कसा धाडायचा ते मीच शिकवलं. त्यांचे निरोप तीन-तीन मिनिटांचे. पहिली दीड मिनिटं समोरच्याचं म्हणणं, मग एक खाकरणं, मग स्वतःचं. एवढं ऐकायला वेळ कुणाला? उत्तरादाखल हसरी तोंडं यायची, अंगठे यायचे, कुठून कुठून आलेली चित्रं यायची. भास्कररावही हसरी तोंडं पाठवू लागले. ओट्यावर ज्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, ती माणसं घरी पलंगावर लोळत एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करू लागली. हळूहळू ओटा ओस पडला. चाचा चार वाजता मशीन बंद करून फोनकडे पाहत बसायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तर, हाव म्हनते का नाही म्हनते, ह्याच्यात समजत नाही. मी पुढं बोलू का थांबू?"

त्यानंतरच्या एका हंगामात गावात चोर बीटी आलं. तणनाशक मारलं तरी न मरणारं, परवानगी नसलेलं बियाणं. निंदायला मजूर मिळत नव्हते, म्हणून अर्ध्या गावाने ते गुपचूप पेरलं, भास्कररावांनीही पेरलं. ग्रुपवर त्यावरून रण माजलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या एकाने लिहिलं की असं बियाणं पेरणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा. चाचांनी त्याला आवाजी उत्तर धाडलं. नेहमीपेक्षा आखूड होतं, ते मला आजही पाठ आहे.

"तुमचं म्हननं असं हाय की, ज्यानं ज्यानं हे बियानं पेरलं त्याचं नाव सरकारले कयवा, त्याचं उभं पीक उपटून फेका, बिना धाकाचं हे लोक सुधरनार नाही. बरोबर समजलो ना मी?" मग नेहमीचं खाकरणं. "आता माहं ऐका. मले हे पटत नाही. पेरनारा चोर नाही. त्याले निंदाले मानूस भेटत नाही, म्हनून तो तिकडं गेला. त्याले धाक नका दाखवू, रस्ता दाखवा."

चार दिवसांनी कृषी खात्याची गाडी आली. रानातून पानांचे नमुने घेतले, दोन घरांतून पाकिटं उचलली. एक घर भास्कररावांचं होतं. त्याच संध्याकाळी ग्रुपवर चाचांचा आवाज फिरू लागला. पंधरा सेकंदांचा. "ज्यानं ज्यानं हे बियानं पेरलं" पासून "सुधरनार नाही" पर्यंत. पुढचं-मागचं कापलेलं. खाली लिहिलं होतं, 'ओळखा गावातला खबऱ्या.'

तो कुणी कापला, ते मला अजून माहीत नाही. पण ग्रुपवर कुणी टाकला ते सगळ्यांना दिसत होतं. भास्कररावांनी. वीस वर्षं ज्यांनी रोज "हाव चाचा, बरोबर समजले" म्हटलं होतं, त्यांनी. तो आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो, हे जगात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तासाभरात शिव्या आल्या. आधी चाचांना, मग त्यांच्या जातधर्माला. ज्यांच्या लग्नातल्या गाद्या चाचांनी भरल्या होत्या, त्यांची नावं त्या शिव्यांवर मी वाचली. चाचांचा पूर्ण निरोप ग्रुपवर न ऐकताच मागे गाडला गेला होता, पण माझ्या फोनमध्ये तो होता. एकदा बोट दाबलं असतं तर सगळ्यांपुढे गेला असता. मी दाबलं नाही. आज ना उद्या हे लोक माझ्याही दारात येतील, अशी भीती वाटली. मी एकच केलं. 'कृपया वाद टाळावेत' असं लिहिलं आणि ग्रुपवर फक्त ॲडमिनला बोलता येईल अशी कळ फिरवली. वाद थांबला. कापलेला आवाज मात्र सगळ्यांच्या फोनमध्ये राहिला, आणि ज्याला उत्तर द्यायचं होतं त्याचं तोंड बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा पोस्टात आले. हातात फोन. खुर्चीवर बसले नाहीत.

"मास्तर, माहा आवाज जाऊन नाही राह्यला. कालपासून पाच-सात डाव बोललो. फोन बिघडला का?"

मी त्यांचा फोन हातात घेतला, उगाच इकडेतिकडे बोट फिरवलं. "रेंजचा काहीतरी घोळ असेल," मी म्हणालो. "होईल दोन दिवसांत." जन्मभर लोकांचे निरोप पोचवून पोट भरलेला मी माणूस, हे खोटं बोलताना शिक्का मारायचा हात शाईच्या गादीवर तसाच ठेवून बसलो होतो. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, फोन खिशात ठेवला आणि "बरं" म्हणून गेले.

नंतरचं सगळं निमूटपणे झालं. कुणी दगड मारला नाही की दुकान फोडलं नाही. लोकांनी फक्त येणं बंद केलं. लग्नसराईच्या गाद्या बुलढाण्याहून येऊ लागल्या. एकाने तर पिंजून झालेली रुई पोत्यात कोंबून परत नेली. चाचा एकदा भास्कररावांच्या घरी गेले. ते आत आहेत हे रस्त्यावर ऐकू येत होतं. फोनवर कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "ते घरी नाहीत." चाचा म्हणाले, "वहिनी, मी भांडाले नाही आलो. मी खबर देली असं त्याइले खरंच वाटते का, एवढंच इचारून सांगा." वहिनी आत गेल्या. फोनवरचं बोलणं थांबलं. पण बाहेर कुणीच आलं नाही.

पुढच्या महिन्यात चाचा नांदुऱ्याला मुलीकडे, सलमाकडे, राहायला गेले. मशीन भंगारवाल्याने नेली. मी त्या दिवशी काम काढून धाडच्या बाजारात गेलो होतो. काम असं काही नव्हतं.

आठ महिन्यांनी, आता कुणाला काही फरक पडत नव्हता तेव्हा, मी तो पूर्ण निरोप ग्रुपवर टाकला. चाचा गेल्यावर ग्रुप मी पुन्हा सगळ्यांना खुला केलेलाच होता. खाली लिहिलं, 'चाचांवर अन्याय झाला.' शंभरावर लोकांनी पाहिल्याची खूण आली. कुणी एक अक्षर लिहिलं नाही. भास्करराव ग्रुपमधून बाहेर पडले.

त्या आठवड्यात मी नांदुऱ्याला गेलो. सलमाचं घर स्टेशनमागे. चाचा अंगणात खाटेवर बसले होते. दाढीत रुईचा तंतूही नव्हता, भुवया काळ्याभोर. क्षणभर मी ओळखलंच नाही. मी सगळं सांगितलं. कळ मी फिरवली, रेंजचं खोटं सांगितलं, पूर्ण आवाज माझ्याकडे होता. बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती, तीही बोललो.

"मले माहीत व्हतं," चाचा म्हणाले.

"केव्हापासून?"

"पोस्टात आलो तवाच. सलमा त्या वक्ती घरी आलेली व्हती. तिनं सकायीच वाचून सांगतलं, ॲडमिनशिवाय कोनाले बोलता येत नाही म्हनून. ॲडमिन कोन, ते बी माहीत व्हतं."

"मग मला विचारायला कशाला आलात?"

"तुमी सांगसान म्हनून."

मी वाट पाहिली. ते रागावतील, जाब विचारतील, निदान आणखी एखादं वाक्य बोलतील. सलमाने चहा आणला. चाचा पावसाचं बोलले, नांदुऱ्याच्या पाण्याचं बोलले, स्टेशनवर कुठली गाडी थांबायची बंद झाली ते बोलले. गावाचं नाव काढलं नाही. साडेचारच्या बसमध्ये जागा मिळते, एवढं सांगून ते मला अंगणाच्या फाटकापर्यंत पोचवायला आले. मी हात जोडले, त्यांनीही जोडले. पुन्हा या, असं मात्र म्हणाले नाहीत.