उभं राहण्याचं इंग्रजी

आमच्या पारोळ्यात शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही एक इंग्रजी शब्द हमखास यायचा, तो म्हणजे स्टँड. एस.टी. थांबते तो स्टँड. त्याच्याशेजारी खेड्यावरून येणारे लोक सायकली ठेवून धुळ्याला किंवा जळगावला जायचे, तोही स्टँड. सायकल ज्याच्यावर उभी करायची तो लोखंडी पायही स्टँडच. कुणी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला की लोक म्हणायचे, यंदा अमका स्टँड झाला. आणि वर्गात सरांनी नाव घेतलं की स्टँड अप. एवढी कामं एका शब्दाकडून करून घेणं मला तेव्हा अन्यायाचं वाटायचं.

सायकल स्टँडचा ठेका माझ्या वडिलांकडे होता. त्यांना मी नाना म्हणायची. एस.टी. स्टँडच्या भिंतीला लागून पत्र्याचं छप्पर, समोर एक लाकडी खोकं, आणि त्या खोक्यावर बसून सायकलवाल्यांना पत्र्याचे बिल्ले देणारी माझी आत्या. आत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. दहावीला इंग्रजीत नापास झाली तसं तिचं लग्न लावून दिलं. चार वर्षांनी नवऱ्याने दुसरी घरात आणली, काडीमोड झाला आणि आत्या एक ट्रंक घेऊन आमच्याकडे परत आली. आल्यावर चार दिवस रडली, पाचव्या दिवशी स्टँडवर जाऊन बसली. नानांनी तिला बस म्हटलं नव्हतं आणि ऊठही म्हटलं नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी नववीत होते. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी आत्याला शब्द दिला होता, की दहावी पास हो, बालवाडीवर तुला घेते. बाकी सगळे विषय केव्हाच सुटले होते, इंग्रजी तेवढं राहिलं होतं. नाना मात्र तिच्यासाठी स्थळ बघत होते. माझे वडील दुष्ट नव्हते, हे आधीच सांगते, कारण ही हकीकत ऐकून लोक त्यांच्यावर उखडतात. आपल्यामागे हिचं कोण, या एका काळजीने त्यांना पोखरलं होतं. शिंदखेड्याकडचा एक बिजवर होता, बायको वारलेली, तीन लेकरं पदरात. त्याच्याशी आत्याचा पाट लावून द्यावा असं नानांच्या मनात होतं. आत्या एका शब्दाने नाही म्हणाली नाही आणि हो पण म्हणाली नाही. ताकास तूर लागू देईना. शेवटी एका संध्याकाळी नानांनी निकाल दिला. घरात आम्ही सगळे अहिराणीच बोलायचो, त्यात आता म्हणजे आते आणि इथे म्हणजे आठे.

"ऑक्टोबरमा परीक्षाले बस. पास व्हयनी तं तू म्हनशी तसं. नापास व्हयनी तं मी म्हनसू तसं."

"चालंल भाऊ," आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "आते तू मनी मास्तरीन."

मी नववीतली, माझंच इंग्रजी दिव्य. पण मान मोठा होता, तो मी घेतला. शाळा सुटली की दप्तर घेऊन स्टँडवर जायचं, आत्याच्या खोक्याशेजारी पोतं अंथरायचं आणि शाळेतल्या मराठीत शिकवायला बसायचं. सायकल आली की धडा थांबायचा. व्याकरणाने आम्हा दोघींच्या नाकी नऊ आणले. क्रियापदाचं तिसरं रूप म्हणजे आत्याच्या लेखी नसती उठाठेव, दोन रूपांत माणसाचं भागत नाही का, असं ती विचारायची. मग मला एक युक्ती सुचली. जो शब्द ती दिवसातून शंभरदा ऐकते, त्याच्यापासूनच सुरुवात करावी.

शाळेच्या वाचनालयात एक जाडजूड शब्दकोश होता. तो घरी न्यायची परवानगी नव्हती. मधल्या सुट्टीत मी त्यातला स्टँड काढायची, चार अर्थ पाठ करायची आणि स्टँडवर येऊन ओकायची. आत्याला भारी मजा वाटायची. अंडरस्टँडचा अर्थ मी सांगायच्या आधीच तिने लावला होता.

"अंडर म्हंजे खाले. स्टँडना खाले. आपन आठे पत्राखाले बठतस, तेच ना?"

"नाही गं आत्या. अंडरस्टँड म्हणजे समजणं."

"मंग बरोबरच शे. माले जे समजनं ते बठ्ठं या पत्राखालेच समजनं."

मला हसू आलं, आणि ते आम्हा दोघींना पुरलं.

एके दिवशी मात्र मी एक निराळाच अर्थ घेऊन आले. शब्दकोशात लिहिलं होतं, स्टँड म्हणजे सहन करणे, सोसणे. वापरायची रीत बहुतेक नकाराची. आय कॅनॉट स्टँड, म्हणजे मला सहन होत नाही. आत्याच्या हातात बिल्ल्यांची तार होती, ती तिने खाली ठेवली.

"म्हंजे उभं ऱ्हानं आनि सोसनं, एकच शबद?"

"एकच."

तिने तार पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "मंग सासरले मी चार वरीस इंग्रजीच बोलनी म्हन ना."

ती स्वतःच हसली आणि म्हणाली, पुढचा शब्द सांग. पण ते वाक्य तिने त्या दिवशी इतक्या वेळा घोकलं की शेजारचा रसवंतीवालासुद्धा उसाचं कांडं चरकात घालताना आय कॅनॉट स्टँड म्हणू लागला.

ऑक्टोबरात आत्या परीक्षेला बसली. आमचं नशीब असं, की पेपरात स्टँड कुठे आलाच नाही. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाली, "गया." निकाल डिसेंबरात लागणार होता. तेवढा दम शिंदखेडेकरांना नव्हता. दिवाळी झाल्यावर त्यांचा निरोप आला, की नुसतं बघून जातो. नाना म्हणाले, बघून जायला काय हरकत आहे, शब्द काही देत नाही मी.

बघायला तिघं आले. बिजवर, त्याची थोरली बहीण आणि तिचे यजमान. बिजवर खाली मान घालून बसलेला, साधा माणूस. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मलाही वाईट वाटलं. बोलायचं सगळं काम मेहुण्यांकडे होतं. ते धुळ्याला कुठल्याशा कचेरीत कारकून होते, खिशाला दोन पेनं, आणि उंटावरचा शहाणा म्हणतात तो थाट. आत्या स्वतः पोहे घेऊन आली, सगळ्यांपुढे बशा ठेवल्या आणि सतरंजीवर बसली. मेहुण्यांनी पोह्यातला शेंगदाणा चावत विचारलं, की मुलगी इंग्रजीचा पेपर देऊन बसली आहे म्हणे. आत्याने मान हलवली. मग त्यांनी बशी खाली ठेवली, घसा साफ केला आणि उंची बघायची म्हणून थेट इंग्रजीतच फर्मान सोडलं.

"स्टँड अप, प्लीज."

आत्या हलली नाही. मला वाटलं, घाबरली. मी दाराआडून ओठांनी तिला खुणावत होते, ऊठ, ऊठ. तिने एकदा बिजवराकडे पाहिलं, एकदा नानांकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट, शांत आवाजात म्हणाली,

"आय कॅनॉट स्टँड."

मेहुणे गंभीर झाले. त्यांनी हळूच बायकोकडे वाकून सांगितलं. हळू म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाईल इतकं.

"तिले उभं ऱ्हाता येत नही म्हनस."

"आत्तेच ते पोहा लिसन चालत उनी ना!"

"इंग्रजीमा सांगं तिनी. खोटं कसाले बोली?"

डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि इंग्रजीत ऐकलेलं खरं! त्या बाईने पुन्हा एकदा आत्याच्या पायांकडे निरखून पाहिलं आणि बिचारीने सुस्कारा टाकला. चहा घेऊन मंडळी लगेच उठली. चारच दिवसांत मध्यस्थाकडून निरोप आला, की मुलगी चांगली आहे, पण कमरेचं काही दुखणं दिसतं, चालता येतं पण उभं राहवत नाही. आमच्याकडे तीन लेकरांचं करायचं आहे, तेव्हा जमणार नाही. धरणगावला एक चांगला हाडवैद्य आहे, त्याला एकदा दाखवा.

नाना असे तापले की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. आत्याला एक शब्द बोलले नाहीत, मला मात्र समोर उभं केलं.

"काय बोलनी व्हती ती? खरं सांग."

मी सांगितलं. स्टँड म्हणजे उभं राहणं आणि स्टँड म्हणजे सोसणं. मला सोसवत नाही, असं म्हणाली आत्या.

"काय सोसाये नही तिले? कोनी काय कयं तिले आठे?"

आतून आत्या आली आणि दारात उभी राहिली. तिचे हात पिठाने माखलेले होते. "मानूस चांगला व्हता, भाऊ," ती म्हणाली. "त्यानाबद्दल मनं काहीच म्हननं नही. पन कोना दारमा परत जाईसन उभं ऱ्हानं, ते माले व्हवाव नही. नापास व्हयनी तं मंग तू म्हनशी तसं. मी शबद देल शे." एवढं म्हणून ती भाकरी थापायला परत गेली. नानांनी पायात वहाणा घातल्या आणि ते स्टँडवर निघून गेले.

पुढचे दिवस कसे गेले, मला विचारू नका. हाडवैद्याची गंमत गावभर झाली होती. लोक सायकल घ्यायला येताना मुद्दाम विचारायचे, काय बाई, उभं राहता येतं का आता? आत्या हसून बिल्ला मागायची. पण ती आतून किती धास्तावली होती ते मला ठाऊक आहे, कारण मी तिच्याशेजारी झोपायची. आता हसण्यावारी गेलं असलं तरी शब्द शब्दच होता. शिंदखेडा गेलं तर दुसरं गाव होतंच.

निकालाच्या दिवशी शाळेत जायची तिची हिंमत झाली नाही. मला म्हणाली, तू जा. मी निघणार तेवढ्यात नाना म्हणाले, "कोनी जाऊ नका. मी जास." आणि धुतलेला सदरा घालून गेले. आम्ही दोघी स्टँडवर बसलो. जळगावची गाडी आली, गेली. धुळ्याची आली, गेली. लोकांनी सायकली घेतल्या, ठेवल्या, आत्याने कुणाला कोणता बिल्ला दिला ते तिचं तिलाही कळलं नसेल.

मग नाना येताना दिसले. भरभर नाही, हळूही नाही, रोज चालतात तसेच. चेहऱ्यावरून काही कळू देतील तर ते नाना कसले. छपराखाली आले, भिंतीला टेकवलेली कुणाची तरी सायकल उचलली आणि नीट स्टँडवर लावली. मला ओरडून विचारावंसं वाटत होतं. आत्या खोक्यावरून उठायला गेली आणि तिला उठता येईना. खरंच येईना. ज्या दुखण्याची गावभर बोंब झाली होती, ते त्या घडीला तिला झालं.

नाना तिच्यासमोर येऊन थांबले.

"ऊठ."

"भाऊ, काय व्हयनं?"

"ऊठ म्हनस ना. आते तुनी जागा आठे नही."

मग तिला समजलं, माझ्याही ध्यानात आलं, आणि मी अशी किंचाळले की रसवंतीवाला चरक सोडून धावत आला. नानांनी हात पुढे केला. त्यांच्या हाताला धरून आत्या उभी राहिली आणि त्यांच्या धुतलेल्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली. त्यांनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं, तिच्या हातातली बिल्ल्यांची तार काढून घेतली आणि स्वतः त्या खोक्यावर बसले. एक सायकलवाला ताटकळत होता, त्याला बिल्ला दिला. मला म्हणाले, "तिले मोठ्या बाईकडे लई जा. वाटमा पेढा ली."

पुढे आत्याने बालवाडी सांभाळली ती आजच्या पोरांचे आईबाप तिच्या हाताखालून जाईपर्यंत. मी जळगावला मराठी घेऊन एम.ए. केलं. नव्वदीची सुरुवात होती. भाषाशास्त्राच्या तासाला सर एकदा म्हणाले, इंग्रजीतला स्टँड आणि संस्कृतातला स्था ही एकाच मुळाची लेकरं. स्थान, स्थिर, अवस्था, गृहस्थ, सगळी त्याच घरची. आणि आपलं उठणं, ते उत् आणि स्था मिळून झालेलं. म्हणजे ऊठसुद्धा त्या स्टँडचा चुलतभाऊच. वर्गातली बाकी मुलं टिपून घेत होती. माझे डोळे भरून आले, आणि शेजारचीने विचारलं, काय गं, डोळ्यात काही गेलं का?

सुट्टीत घरी आले ती पिशवी घेऊनच बालवाडीत गेले. पोरं डबे खात होती आणि आत्या एकाचं नाक पुसत होती. मी तिथंच उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. स्टँड आणि ऊठ कसे एकाच मुळाचे, हजारो वर्षांपूर्वी एकच होते, मग एक तिकडे गेला आणि एक इकडे राहिला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. पोराचं नाक पुसून झालं, त्याला डब्यापाशी बसवलं, पदराला हात पुसले.

"म्हंजे त्या दिन," ती म्हणाली, "भाऊ इंग्रजीमाच बोलना व्हता."