वरीलप्रमाणे त्रेचाळीस

आमच्या वाडीत फॉर्म भरायचं काम माझ्याकडे असे. पाचवीपासून. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, बोटीचा परवाना, काहीही. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. त्यांचा अंगठा मीच शाईत बुडवून कागदावर टेकवायची. त्या सगळ्या फॉर्मांमधला माझा आवडता शब्द म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. कायमचा पत्ता एकदा लिहिला की सध्याच्या पत्त्याच्या रकान्यात वरीलप्रमाणे. एका शब्दात काम खलास. पुढे मी झूऑलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले, घराण्यातली पहिली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

आता दुबईत जबल अलीला एका गोदामात क्वालिटीचं काम करते, राहते अल नहदाला. आमच्या टॉवरमधल्या काही मराठी घरांचा एक ग्रुप आहे. महिन्यातून एका शनिवारी फुजैराच्या पुढे पूर्वेच्या किनाऱ्यावर जायचं, काठावरूनच मास्क आणि स्नॉर्केल लावून पाण्यात शिरायचं, आणि खडकांवरचे सी-अर्चिन मोजायचे. सी-अर्चिन म्हणजे लांब काट्यांचे काळे गोळे. पन्नास मीटरची दोरी टाकायची, तिच्या दोन्ही बाजूंना किती जिवंत दिसले ते तक्त्यात लिहायचं. तिथलं पाणी दर मोसमात वेगळं असतं. एका उन्हाळ्यात प्रवाळ पांढरं पडलेलं पाहिलं, एकदा नुसते जेलीफिश. म्हणून ही मोजणी. आमचे प्रमुख पुण्याचे, निवृत्तीला टेकलेले इंजिनियर; त्यांना सगळे सर म्हणतात. ते नव्या माणसाशी माझी ओळख ‘आमच्या झूऑलॉजिस्ट’ अशी करून देत. मी एकदाही ‘नुसती बी.एस्सी. आहे हो’ असं म्हटलं नाही.

समुद्र थंड असतो हे इथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं. आमच्याकडे पाणी अंगाला लागत नाही, इथे जानेवारीत ते चावतं. वाऱ्याने आणखीच. वेटसूट होता, तरी मान आणि पाठीचा कणा त्या पाण्याला कधी सरावले नाहीत.

त्या जानेवारीत माझी जोडीदारीण तापाने आली नाही. एकटीने उतरायचं नाही हा नियम. मी म्हटलं, “छातीएवढंच तर पाणी आहे, मी करते.” सर म्हणाले, “तुम्हाला काय शिकवायचं.” मी कमरेपर्यंत गेले. श्वास अडकला. परत फिरले, एका मोठ्या खडकाच्या आड वाऱ्याला पाठ करून बसले, आणि अर्ध्या तासाने केस ओले करून तक्ता काढला. डिसेंबरच्या ओळीत त्रेचाळीस होते, ते मी खरे मोजलेले. खाली जानेवारीच्या ओळीत मी दोन छोटे स्वल्पविराम काढले. वरीलप्रमाणे.

आमची व्हॅन चालवतात ते चाचा दाभोळच्या खाडीकडचे. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेले, इंग्रजी येत नाही. मागच्या वर्षी एक जोडी अपुरी पडली म्हणून सरांनी त्यांना उतरवलं, आणि त्यांना त्याची चटकच लागली. दहा झाले की एक खडा खिशात टाकायचे. परतताना गाडीत आमच्यापेक्षा जास्त तेच बोलत.

फेब्रुवारीत जोड्या बदलल्या आणि माझ्या दोरीचा पट्टा चाचांकडे आला. बाहेर येऊन म्हणाले, “चार.”

“चार खडे?” सरांनी विचारलं. “म्हणजे चाळीस.”

“खडा एक पण नाय सर. चार गोळे. बाकी खलास झालेत. काटे गळालेत, पांढऱ्या वाट्या पडल्यात खाली.” आणि त्यांनी एक पांढरी, पोकळ वाटी पुढे केली.

सरांनी तक्ता पाहिला, मग माझ्याकडे. “मागच्या महिन्यात त्रेचाळीस होते ना?”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “चाचा, पाण्यातून काही बाहेर आणायचं नाही, नियम आहे. आणि तुम्ही दोरीच्या पलीकडे गेला असाल.”

चाचांनी वाटी खाली ठेवली. “मॅडम शिकलेल्या आहेत. मी चुकलो असेन.”

सरांनी चारवर रेघ मारली. “चाचा, पुढच्या वेळी तुम्ही गाडीच सांभाळा.” दोघंतिघं हसले, वाईट नव्हे, सहज. परतीच्या वाटेवर चाचा एक शब्द बोलले नाहीत.

मार्चमध्ये ते खरोखरच वर रस्त्याकडेला गाडीपाशी थांबले. मी जोडीदारणीबरोबर उतरले, पूर्ण दोरी गेले. खडकांच्या खाचांत पांढऱ्या वाट्या साचल्या होत्या, कुणी जेवून टाकल्यासारख्या. जिवंत सहा. तसंच कुडकुडत गाडीकडे गेले. चाचांनी थर्मासमधला करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, ओतून दिला.

“किती?”

“सहा.”

“दोन वाढले म्हणजे.” त्यांनी हसूही आणलं नाही चेहऱ्यावर.

मी तक्ता काढला. जानेवारीच्या ओळीतले स्वल्पविराम खोडले आणि शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं.

“काय लिवलंत?”

वाचून दाखवावं लागलं. “पाणी गढूळ होतं, मोजता आलं नाही, असं लिहिलं.”

चाचा चहावर फुंकर मारत राहिले. मग खाली बोट दाखवून म्हणाले, “तो खडक बघा. खालून मागचं दिसत नाय. इथनं सगळं दिसतं. जानेवारीत मी इथंच होतो.”

मी बघितलं. खरंच सगळं दिसत होतं.

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“लिवणाऱ्या तुम्ही. मी काय बोलणार?”

बाबाही अंगठा टेकवताना असंच म्हणत, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

शेरा मी खोडला. खाली लिहिलं, मराठीत, त्यांना वाचता यावं म्हणून: पाण्यात उतरले नाही, आकडा खोटा. सगळे वर आले तेव्हा तेच वाचून दाखवलं, चाचांचे चार बरोबर होते हेही सांगितलं. सरांनी टॉवेलची घडी घातली. “अहो, थंडीच तेवढी होती,” ते म्हणाले. ही सूट मला शिवीपेक्षा जास्त लागली, कारण चाचांना ती कुणी दिली नव्हती.

“चाचा, पुढच्या महिन्यात या परत,” सर म्हणाले.

“बघू, इन्शाल्ला.”

पेन मी चाचांना दिलं. सरांनी मारलेल्या रेघेच्या शेजारी त्यांनी सावकाश, चौथीतल्या वळणाने ४ काढला. सर म्हणाले, “इंग्रजी आकडा घाला हो.” मी म्हटलं, “राहू द्या.”

तक्ता परत देताना चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी लाजू नये, म्हणून ते समुद्राकडे बघत होते.