हात दाखवा, मिठाची गाडी थांबवा

लीड्समध्ये चाकं असलेली एकही वस्तू अशी नसेल, जी आमच्या घरमालकीणबाईंनी हात दाखवून थांबवलेली नाही. बस, टॅक्सी, दुधाची गाडी, पोस्टाची व्हॅन, सगळं झालं. एकदा तर घाईत त्यांनी एक लांबलचक काळी गाडी टॅक्सी समजून थांबवली, आणि ती निघाली अंत्ययात्रेची! ड्रायव्हरने काच खाली केली, बाईंना नीट न्याहाळलं आणि गंभीरपणे म्हणाला, "यू आर अ बिट अर्ली, लव्ह." बाईंना तेही पटलं नाही. "अर्ली कसली? सात वाजून गेले!" असं त्यालाच सुनावून त्या पुढच्या गाडीला हात करायला मोकळ्या.

बाई मूळच्या कराडच्या. तीस वर्षं इंग्लंडात काढली, पण एसटीला दाखवायचा तो हात त्यांनी जसाच्या तसा आणला होता. "स्टॉपवर उभे राहतात ते पाव्हणे. आपल्याला कामावर जायचंय," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आणि गंमत म्हणजे बसवाले थांबायचे. कारण कोटाच्या खिशात चिवड्याची पुडी तयार असायची. नियम सांगू पाहणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात आधी पुडी जायची, मग "हाऊज युवर मदर?" असा प्रश्न, आणि तो आईच्या सांधेदुखीबद्दल सांगत असतानाच बाई आत चढलेल्या असायच्या. हवामान खात्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. रोज पहाटे गाऊनवर यजमानांचा जुना ओव्हरकोट चढवून त्या मागच्या अंगणात उभ्या राहायच्या, दोनदा हवा हुंगायच्या आणि निकाल द्यायच्या. निकाल बहुतेक वेळा चुकायचा. "हवेनंच ऐनवेळी बेत बदलला, त्याला मी काय करू?" असं वर मलाच विचारायच्या.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी मात्र हुंगायची सोयच उरली नव्हती. अंगणात गुडघाभर बर्फ, वरून भुरभुर चालूच, कचऱ्याच्या डब्यांची नुसती झाकणं दिसत होती. बसेस बंद. मी बाईंचा माडीवरचा भाडेकरू, त्यांच्याच हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम करणारा. लॅपटॉप उशाशी घेऊन निवांत घोरत होतो. दारावर धाडधाड थापा पडल्या.

"ऊठ. मोज्यांचे दोन जोड घे. एक बुटाच्या आत, एक बुटाच्या बाहेर. घसरत नाही."

"मावशी, मी आज घरून काम करणार आहे."

"घरून फक्त घरकाम होतं. ऊठ, माझा गुडघा धरलाय, आधाराला कोणीतरी हवं."

"अहो, तुम्ही तरी कशाला जाताय? सगळं बंद आहे!"

तेव्हा त्या दारातच थांबल्या. "हॅरीचा दिवस आहे रे," म्हणाल्या.

बाई डायलिसिसच्या वॉर्डात मदतनीस होत्या. हॅरी नावाच्या ऐंशीच्या म्हाताऱ्याला आठवड्यातून तीनदा तिथे यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. पूर्वी खाणीत काम केलेला हा गडी सुईला मात्र लहान पोरासारखा घाबरायचा. बाईंनी हात धरला तरच टोचून घ्यायचा. शुक्रवारी बाई रजेवर होत्या, तर हा पठ्ठ्या सुई बघून सरळ घरी निघून गेला होता. एक खेप चुकली होती. दुसरी चुकली तर काय होतं, ते बाईंनी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलं होतं.

निघालो. बाई पुढे, मी मागे, बुटांवर माझे चट्ट्यापट्ट्याचे मोजे. दर दहा पावलांना बाई मला आधार देत होत्या, कारण आधाराला नेलेला माणूसच सारखा आपटत होता. चढावर पोचलो आणि मागून पिवळा दिवा फिरवत, बर्फ बाजूला सारत आणि उरलेला वितळावा म्हणून मीठ टाकत कौन्सिलची गाडी आली. बाईंनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात केला. गाडी थांबली. न थांबून सांगते कुणाला!

"पॅसेंजर्स अलाउड नाहीत, लव्ह. इन्शुरन्सचा प्रश्न आहे," ड्रायव्हर म्हणाला. पुडी पुढे झाली. त्याने चिवडा घेतला, आईची खुशालीही सांगितली, पण दार काही उघडलं नाही. बाईंच्या कारकिर्दीतला हा पहिलाच पराभव. मग त्यांनी विचारलं, "हॉस्पिटलकडेच चाललायस ना? यू गो स्लो. वी वॉक बिहाइंड." आणि खरंच, ती अजस्र गाडी गोगलगाईच्या चालीने पुढे आणि आम्ही तिच्या मागे मोकळ्या झालेल्या रस्त्यावरून चालू लागलो. मागच्या फिरत्या चकतीतून मिठाचे खडे उडून नडग्यांवर ताडताड बसत होते. हॉस्पिटल येईतो आम्ही लोणच्यासाठी मिठात घोळलेल्या कैऱ्यांसारखे झालो होतो.

वॉर्डात शिरलो आणि बाई जागच्या जागी थबकल्या. हॅरी खुर्चीत बसला होता! चेहरा राखेसारखा, पाय सुजून टम्म. शेजारी त्याचा जावई भिंतीला टेकून धापा टाकत होता. त्याने सासऱ्याला पोरांच्या घसरगाडीवर बसवून दोरीने ओढत आणलं होतं.

"मला ठाऊक होतं, तू येणार," हॅरी म्हणाला. "मी इथे दिसलो नसतो, तर तू माझ्या घरी आली असतीस, लव्ह. या गुडघ्यानिशी."

"शुक्रवारी पळालास ना मेल्या?" बाईंनी अस्सल मराठीत त्याची खरडपट्टी काढली. त्याला सगळं समजलं असावं, कारण त्याने मान खाली घातली आणि हात पुढे केला. बाईंनी तो धरला. सुई आत गेली. यंत्र घुरघुरू लागलं, तशा बाई स्टुलावर मटकन बसल्या. "गेला असता रे हा," त्या मला हळूच म्हणाल्या.

आता मी लंडनमध्ये, क्रॉयडनला असतो. चार बोटं बर्फ पडला की मॅनेजरचा मेसेज येतो, आज कुणी यायची गरज नाही. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतो, पण पूर्वीसारखी झोप लागत नाही. एवढ्या मोठ्या शहरात असं एकही माणूस नाही, जे हॅरीसारखं माझ्यासाठी अडून बसेल, मी पोचल्याशिवाय हात पुढे करणार नाही.